कंपनीचं इंजिन, उसाचं इंधन

(वासंतिक व्याख्यानमालेत वागळे इस्टेट, ठाणे येथे दिलेलं व्याख्यान)



काल या मंचावर मधुमेहावर व्याख्यान झालं, उद्या संतसाहित्यावर आहे. मधल्या दिवशी गाडीला अल्कोहोल कसं पाजावं यावर बोलायला मला बोलावलंय, तेव्हा आधी आयोजकांच्या धाडसाला दाद देतो. (हशा) पण वागळे इस्टेटीला हा विषय अगदीच परका नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीचा जन्म इथेच झाला, आणि समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी रोड नंबर १६ नाहीतर २२ वरच्या एखाद्या गाळ्यात लेथ किंवा ग्राइंडर चालवलेला असणार. मिलिमीटरचा शंभरावा भाग ज्यांना बोटाला कळतो, त्यांच्यासमोर इंजिनावर बोलताना मजा येते आणि जरा धाकही वाटतो.

माझा धंदा गाड्या ट्यून करण्याचा. गिऱ्हाईक येतं ते साधारण एकच मागणं घेऊन. इंजिन उघडायचं नाही. पिस्टन, रॉड, क्रँक सगळं कंपनीचंच राहू दे. पण गाडी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला न्यायचीय, आणि मित्र सांगतात की इथेनॉल घातलं की पॉवर वाढते. माझं उत्तर ठरलेलं आहे. नुसतं इंधन बदलून जवळपास काहीच वाढत नाही. इथेनॉल इंजिनाला पॉवर देत नाही, जास्त पॉवर मागायची परवानगी देतं. ती परवानगी न वापरणाऱ्याच्या पदरात फक्त तोटा पडतो. आज मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचा वेळ त्याचा हिशेब मांडण्यात जाईल.

आता हिशेब. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे तिसरा हिस्सा कमी. मग असल्या दुबळ्या इंधनाच्या मागे रेसवाले का लागतात? कारण इंजिनाची अडचण इंधनाची नसतेच, हवेची असते. पेट्रोल हवं तितकं ओतता येतं. सिलिंडरमध्ये हवा मात्र ठरावीकच मावते. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला आहे. तेव्हा ऊर्जा लिटरमागे न मोजता हवेच्या किलोमागे मोजा : पेट्रोल २.९ मेगाज्यूल देतं, इथेनॉलही जवळपास तेवढीच, कणभर जास्तच. हवेच्या हिशेबाने दोघं बरोबरीत.

बरोबरी झाली, आता फायदा कुठे ते पाहू. इंधनाची वाफ होताना ते आसपासची उष्णता ओढून घेतं. इथेनॉल ती पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ओढतं, शिवाय त्याच हवेसाठी ते ओतावंही जास्त लागतं. दोन्ही गुणले की दर किलो हवेमागे साधारण चौपट थंडावा मिळतो. थंड हवा दाट असते, म्हणजे थोडी जास्त मावते. आणि दुसरं ऑक्टेन. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन नंबर १०८च्या आसपास. २० टक्के इथेनॉलचं ई-२० येण्याआधी आपल्याकडे बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१चं असायचं. ऑक्टेन म्हणजे पॉवर नव्हे, हे मी गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेकांना ते पटत नाही. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती. दाब आणि तापमान वाढत गेलं तरी ठिणगीनंतर भलत्या कोपऱ्यात आपलं आपण पेटायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही सहनशक्ती नेमकी कितीची, याचं एक सुंदर माप अमेरिकेतल्या फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नियमांत सापडतं. तिचीच भावंडं आपल्याकडे आहेत. मुंबई-पुण्याची इंजिनिअरिंगची मुलं कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतसाठी जातात, आणि त्यांच्या गाडीत बऱ्याचदा आपल्या चाकणला बनणारं केटीएमचं ३७३ सीसीचं इंजिन असतं. अमेरिकी नियम असा : इंजिनाची सगळी हवा एका अरुंद नळीतून जायला हवी. पेट्रोल वापरत असाल तर नळीचा व्यास २० मिलिमीटर, ई-८५, म्हणजे ८५ टक्के इथेनॉलचं मिश्रण, वापरत असाल तर १९. व्यासात एक मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात पावणेदहा टक्के. नियम करणाऱ्यांनी मान्यच करून टाकलंय की नीट ट्यून केलं तर या इंधनाचा फायदा एवढा मोठा आहे की समोरच्याला न्याय द्यायला याचा श्वास दहा टक्क्यांनी आवळावा लागतो. टर्नर मंडळींना हे आवडेल : इथेनॉलची किंमत चक्क बोअरमध्ये मोजलेली.

आता गाळ्यात या. इंजिन उघडायचं नाही असं ठरलंय, तेव्हा काम कुठे आहे? सगळं इंधनाच्या वाटेवर. टाकीतला पंप, फिल्टर, रेल आणि इंजेक्टर. यातला इंजेक्टर आधी नडतो, आणि का नडतो ते बघा.

इंजिन ७००० आरपीएमवर फिरतंय. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांचं एक आवर्तन, म्हणजे एका आवर्तनाला १७.१ मिलिसेकंद. एवढ्याच वेळात इंजेक्टरने उघडायचं, ओतायचं आणि मिटायचं. समजा शुद्ध पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटलला तो ७५ टक्के वेळ, म्हणजे १२.९ मिलिसेकंद उघडा असतो. कंपनीने अशीच थोडी मोकळीक ठेवलेली असते. त्याच हवेसाठी आजच्या ई-२० ला तो १३.९ मिलिसेकंद उघडा राहतो. काही बिघडत नाही. ई-४० ला १५. अजून निभतं, पण काठावर. ई-८५ ला लागतात १८.३ मिलिसेकंद, आणि वेळ आहे १७.१! इंजेक्टर मिटतच नाही, सताड उघडा, आणि तरीही इंधन कमीच. कमी इंधन म्हणजे मिश्रण पातळ, पातळ मिश्रण पूर्ण भारावर म्हणजे तापलेला पिस्टन. लोक म्हणतात इथेनॉलने इंजिन गेलं. प्रत्यक्षात गेलेलं असतं ते इथेनॉल कमी पडल्याने.

म्हणून इंजेक्टर मोठे बसवायचे, पंप मोठा, आणि पंपाला जाणारी वायरसुद्धा जाड. बॅटरीपासून टाकीपर्यंत व्होल्टेज दोन-अडीच व्होल्टने पडलं तर मोठा पंप घेऊन उपयोग काय? ही वायर तपासायचं भलेभले विसरतात. जुन्या गाडीत आणखी एक गंमत. इथेनॉल हा उत्तम द्रावक आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला चिकटा तो सोडवतो आणि फिल्टरमध्ये नेऊन भरतो. पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलायचाच, त्यावर चर्चा नको.

डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो गाड्या, म्हणजे मुलांच्या लाडक्या टीएसआय वगैरे, यांचा प्रश्न वेगळा. तिथे इंधन थेट सिलिंडरमध्ये शंभराहून अधिक बारच्या दाबाने जातं आणि तो दाब कॅमशाफ्टवर चालणारा एक छोटा पंप तयार करतो. वेळही सबंध आवर्तनाचा नाही, हवा आत येतानाचा आणि दाबली जातानाचा तेवढाच. तो पंप न बदलता साधारण ३० ते ४० टक्के इथेनॉलपर्यंत जाता येतं, पुढे दाब ढासळतो. पण टर्बो इंजिनात एवढ्याचाही फरक डोळ्यात भरतो, त्यामुळे मी सहसा तिथेच थांबवतो.

हे ४० टक्के जमवायचे कसे? मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने ‘इथेनॉल १००’ नावाचं इंधन महाराष्ट्रासह ५ राज्यांतल्या १८३ पंपांवर आणलं. त्याआधी जून २०२१ मध्ये पुण्यात ३ पंपांवर प्रयोग झाला होता. नावात १०० असलं तरी त्यात इथेनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास आहे, बाकी ५ टक्के पेट्रोल आणि थोडं सहद्रावक. तेव्हा ४० लिटरच्या टाकीत ११ लिटर हे आणि २९ लिटर पंपावरचं नेहमीचं पेट्रोल घातलं की बरोबर ४० टक्के होतात. बरोबर का, तर नेहमीचं पेट्रोल म्हणजेच आता ई-२०. त्यात आधीच पाचवा हिस्सा इथेनॉल आहे हे विसरून मांडलेले हिशेब मी खूप पाहिलेत. आणि दोनशे लिटरचा पिंप थेट डिस्टिलरीतून आणू म्हणणाऱ्यांना एक सूचना : तो माल महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली येतो. राज्य उत्पादन शुल्काच्या इन्स्पेक्टरला तुम्ही लॅम्डा आणि स्टॉइकिओमेट्री समजावत बसाल, तो पंचनामा लिहीत बसेल. (हशा)

पंपावरच्या बोर्डवर काय लिहिलंय यावर न जाता मी मोजून घेतो. हे टेबलावर १०० मिलिलिटरचं मोजपात्र आहे. यात आधी १० मिलिलिटर पाणी घेतलंय. वरून ९० मिलिलिटर पेट्रोल, आज सकाळी भरलेलं. बूच लावून हलवतो... आता एक मिनिट थांबू. पाणी आणि पेट्रोल एकमेकांत मिसळत नाहीत, पण इथेनॉलला पाण्याची ओढ जबर. ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरतं. मागच्यांना दिसतंय का? खालचा थर १० वर होता, आता २७-२८ च्या रेघेवर आलाय. म्हणजे साधारण १८ मिलिलिटर इथेनॉल ९० मधून खाली उतरलं. वीस टक्के. पाणी आणि अल्कोहोल मिसळताना आकारमान किंचित आकसतं, म्हणून रेघ जरा कमीच दिसते. वरचं उरलंय ते खरं पेट्रोल, आणि ऑक्टेन गमावलेलं. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की तुमच्या गाडीतही हेच होतं. पंप मात्र तळातून ओढतो, म्हणून गाडी झटके खाऊन बंद पडते. गमतीचा भाग असा की भरपूर इथेनॉल असलेल्या टाकीत हे सहसा होत नाही. तिथे पाणी विरघळून जातं, इंधन नुसतं पांचट होतं.

रेसच्या गाडीत हे काम एक सेन्सर करतो. धातूच्या दोन नळ्यांमधून इंधन जातं आणि त्याची विद्युत धारकता मोजली जाते. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक अंक दोनच्या आसपास, इथेनॉलचा चोवीसच्या, तेव्हा चूक व्हायला जागा कमी. सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, एक फ्रिक्वेन्सी पाठवतो : ५० हर्ट्झ म्हणजे इथेनॉल शून्य, १५० म्हणजे शंभर टक्के. ईसीयू मग इंधनाच्या आणि ठिणगीच्या आकड्यांचे दोन नकाशे, एक पेट्रोलचा, एक इथेनॉलचा, यांच्यामधली वाट त्या प्रमाणात काढतो.

आता डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. इथे नवीन ट्यूनरचा एक गोंधळ सांगतो. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर पाहून मुलं म्हणतात, इथेनॉलला ९ हवं आणि मीटर तर १४.७ दाखवतोय! मीटर बरोबरच असतो. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती. लॅम्डा एक असला की पेट्रोलसाठी कोरलेली तबकडी १४.७ च दाखवणार, इंधन कोणतंही असो. म्हणून आमच्याकडे सगळे आकडे लॅम्डात. पूर्ण भारावर पेट्रोलला ०.८७ च्या आसपास ठेवतो, इथेनॉलला ०.८० ते ०.८५. हे इंधन थोडं जास्त झालं तरी चिडत नाही, थंडावाच देतं.

खरी कसोटी टायमिंगची. पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची, हा तो प्रश्न. समजा ४००० आरपीएमला पूर्ण भारावर पेट्रोल १४ अंशांपर्यंत सोसतं. १५ केलं की इंजिन ठोकायला लागतं, नॉक सेन्सर ओरडतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो. त्या इंजिनाला खरं हवं असतं २० च्या आसपास, पण पेट्रोल तिथवर जाऊच देत नाही. आता ई-८५ घाला. १६, टॉर्क वाढला. १८, आणखी वाढला, पण आधीइतका नाही. २०, जेमतेम. २२ ला तिथेच. २४ ला कमी. आणि या सगळ्या वेळात ठोकल्याचा एकही आवाज नाही! पेट्रोलवर नॉकिंग हा रखवालदार असतो, हद्द ओलांडली की ओरडणारा. इथेनॉलवर त्याला झोप लागलेली असते. २४ वर, २६ वर सुद्धा कान आणि सेन्सर म्हणतात सगळं छान, आणि आत पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर नको इतका दाब चढलेला असतो. म्हणून डायनोशिवाय इथेनॉल ट्यून करू नये, असं माझं ठाम मत आहे. टॉर्क वाढायचा थांबला की दोन अंश मागे या आणि नकाशातल्या पुढच्या चौकोनाकडे जा. हा नकाशा कंटाळवाणा असतो. तो कंटाळा करण्याचेच पैसे आम्ही घेतो.

रखवालदार झोपला तरी दुसरा एक चोर जागा असतो. तापलेल्या जागेवरून, लाल झालेल्या प्लगच्या टोकावरून, ठिणगीआधीच पेट घेण्यात इथेनॉल तरबेज आहे. म्हणून स्पार्क प्लग एक पायरी थंड रेंजचे. आणि टर्बो गाडीत बूस्ट वाढवताना कंपनीच्या कनेक्टिंग रॉडचा विचार. रॉड वाकतात ते ७००० आरपीएमच्या पॉवरने क्वचित. बहुतेक वेळा २५०० ला दिलेल्या अचाट टॉर्कने. गिऱ्हाइकाला नेमकं खालीच जोर हवा असतो, कारण तो पाठीला जाणवतो. तिथे मी हात आखडता घेतो.

बाहेरच्या जगात हे सगळं केव्हाच घडून गेलंय. ३० मे १९६४ ला इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पेट्रोलने पेट घेतला, डेव्ह मॅकडोनाल्ड आणि एडी सॅक्स हे दोन चालक गेले, आणि पुढे तिथे मेथनॉल आलं. मेथनॉलचा जाळ दिवसाउजेडी दिसत नाही. १९८१ मध्ये पिटमध्ये रिक मिअर्स पेटला तेव्हा आसपासच्यांना क्षणभर कळेना की हा माणूस असा का करतोय. २००७ पासून तिथे इथेनॉल, २०२३ पासून उसाच्या चोयट्यांपासून केलेलं. इथेनॉलची ज्योतही फिकट निळी असते, म्हणून गॅरेजात आमची सक्ती असते की त्यात थोडं पेट्रोल हवंच आणि पाण्याची बादली जवळ हवी. पाण्यात विरघळणारं असल्याने ते पाण्याने विझतं, ही जमेची बाजू.

आता ज्या प्रश्नासाठी निम्मे लोक आलेत त्याकडे वळतो. २०२५ च्या पावसाळ्यात जो गदारोळ झाला तो : ई-२० मुळे ॲव्हरेज पडलं का? पडलं. नीती आयोगाने जून २०२१ च्या आराखड्यातच लिहून ठेवलं होतं की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी ट्यून केलेल्या जुन्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, दुचाकीत ३ ते ४. आपण मघाशी केला तोच हिशेब. पण रेसवाला ज्या इंधनासाठी धडपडतो ते सामान्य माणसाला नको का झालंय? कारण रेसवाला त्या इंधनाकडून काही मागून घेतो. ई-२० चं ऑक्टेन ९५, ९१ पेक्षा बरंच वर. त्यावर कॉम्प्रेशन वाढवता येतं, टायमिंग पुढे घेता येतं, आणि गेलेल्या ॲव्हरेजमधलं बरंचसं परत मिळतं. म्हणूनच ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत घट १-२ टक्क्यांवर येते. तुमची २०१५ ची गाडी ९१ च्या पेट्रोलचं टायमिंग घेऊन बसलीय. तिने काही मागितलंच नाही, आणि तिच्या वतीने कोणी मागावं अशी सोयही कंपन्यांनी ठेवली नाही. माझ्या मते खरी तक्रार इथे आहे, इथेनॉलशी नाही. मिरज आणि मनमाडला ५ टक्क्यांचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला. तेव्हापासून वीस वर्षं हातात होती. ब्राझीलमध्ये कोणतंही मिश्रण ओळखून चालणारी गाडी २००३ मध्येच दुकानात आली होती.

आणि हो, व्याख्यानाच्या नावात मी उसाचं इंधन म्हटलंय, तेही पूर्ण खरं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं घातली आणि त्या हंगामात मक्याने आघाडी घेतली. नगर-कोल्हापूरच्या मळीचा त्यातला वाटा किती, हे प्रत्येक हंगामाला बदलतं.

शेवटी एका विशिष्ट गटासाठी दोन शब्द. कल्याण-डोंबिवलीत अजून प्रीमियर पद्मिनी जपणारी घरं आहेत. कंपनीचा एक कारखानाही कल्याणला होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ जुळायची. हे लोक विचारतात, आमच्या गाडीचं काय? मजा म्हणजे, पद्मिनी मुळात फियाट, आणि जगातली पहिली मोठ्या संख्येने विकली गेलेली इथेनॉलची गाडीही फियाटच होती, १९७९ ची ब्राझीलची १४७, सकाळी थंडीत सुरू करायला पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असलेली. पण तिचं इंजिन त्यासाठी बनवलेलं होतं. पद्मिनीला ना ईसीयू, ना लॅम्डा. ती ई-२० वर मुकाट्याने पातळ चालते, तापते आणि चढावर हुंदके देते. तेव्हा रबरी नळ्या सगळ्या बदला, नव्या घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या मागा. पंपाचा डायफ्रॅम बदला. कार्ब्युरेटरमधला मेन जेट एक नंबर मोठा टाका. चालवून प्लग काढून बघा, टोक पांढरं असेल तर आणखी एक नंबर, तांबूस आलं की थांबा. टायमिंगला डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवायला वाव आहे, एखाद-दुसरा अंश पुढे घेतला तरी ई-२० सोसेल. आणि महिना-दीड महिना गाडी उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा. रिकाम्या टाकीत पावसाळी हवा शिरते, आणि मग फ्लोट चेंबर उघडलं की तळाला पांढरी भुकटी दिसते.

वेळ झालीय असं अध्यक्ष खुणावताहेत. प्रश्न असतील तर घेऊ, मायलेजचे सोडून. (हशा, टाळ्या)